एक्केचाळिसाव्या पानावरची सूचना

पुस्तकाच्या तीनशे प्रती सकाळी नऊला बाइंडरकडून आल्या आणि सव्वानऊला आत्याने एक्केचाळिसावं पान उघडून विचारलं, “हे काय आहे?”

“कविता,” प्रकाशक म्हणाला.

“कोणाची?”

“बाईंची. पुस्तक त्यांचंच आहे ना!”

“मोठ्याने वाच.”

प्रकाशकाने वाचलं:

“इथे जागा सोडा.
दोन ओळींची.
बाई इथे थांबल्या आहेत,
पुढचं बोलवत नाहीये त्यांना.
वाचणाऱ्यालाही थांबू दे.
घाई करू नका.”

“सुंदर आहे,” तो म्हणाला.

“गाढवा, ही मी छापखान्यातल्या जुळणीवाल्याला लिहिलेली सूचना आहे.”

घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे आत्या-भाचे वर्षाला दोन-तीन कवितासंग्रह काढत. आत्याचे दोन नियम होते. कविता हाताने उतरवून काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती सगळं हस्तलिखित स्वतःच्या अक्षरात लिहून काढी. आणि कवीच्या ओळींवर पेन्सिल चालवायची नाही, म्हणून सूचना वेगळ्या कागदावर लिहून त्या कवितेच्या वर ठेवी. दोन्ही नियम चांगलेच होते. पण दोन चांगली माणसं एकाच दारातून एकदम आत शिरायला गेली की अडकतात, तसं काहीसं झालं होतं.

जुळणीवाल्याला फोन लावला. तो काही ऐकून घेईना.

“आत्याबाई, प्रत्येक कविता वेगळ्या कागदावर. शीर्षक एकीलाही नाही. अक्षर सगळीकडे तुमचंच. ओळी लहान लहान. मी ओळखायचं कसं? आणि प्रुफावर त्या पानाशेजारी ‘वा!’ असं लिहून आलंय.”

“कोणी लिहिलं?”

प्रकाशक खिडकीबाहेर बघायला लागला. प्रुफं आली तेव्हा आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, ती त्याने एकट्याने वाचली होती. सबंध पुस्तकात त्याने एकाच ठिकाणी ‘वा!’ लिहिलं होतं.

आत्याने पान उलटलं. बेचाळिसाव्या पानावर ती कविता होती जिच्यासाठी सूचना लिहिली होती. सूचनेचीच कविता झाल्यामुळे जागा अर्थातच सोडलेली नव्हती. ओळी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या होत्या.

बाईंनी चौतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं होतं आणि सत्तरी ओलांडल्यावर हे पहिलं पुस्तक येत होतं. वही देताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “थोरल्या बहिणीवरची तेवढी जपा. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे.” ती कविता हीच. आणि प्रकाशन आजच, संध्याकाळी पाचला, वाचनालयात.

“पानच कापून टाकू,” प्रकाशक म्हणाला.

“काप. एक्केचाळिसाच्या पाठीवरच बेचाळीस आहे. बहिणीसकट जाईल.”

मग एक्केचाळिसाव्या पानावर कोरा कागद चिकटवायचं ठरलं. नऊ प्रती झाल्या. खळ ओली होती आणि पुस्तकं मिटून ठेवली होती, त्यामुळे समोरचं चाळिसावं पानही चिकटलं. एका कवितेची चूक झाकायला गेले आणि दुसरी कविता गडप झाली.

“चिठ्ठी छापून आत ठेवू. ‘एक्केचाळिसाव्या पानावरचा मजकूर कविता नाही.’”

“म्हणजे माणूस आधी तेच पान उघडेल,” आत्या म्हणाली. “तू उघडणार नाहीस?”

“मी पहिलं उघडेन.”

“मग जा आणि बाईंना सांग. चूक लपवायला जितकी खळ लागते ना, तेवढी आपल्याकडे नाही.”

चारला बाई वाचनालयात आल्या. प्रकाशकाने त्यांच्या हातात पुस्तक दिलं, पान उघडून दिलं आणि गृहपाठ न केलेल्या मुलासारखा समोर उभा राहिला. बाईंनी चष्मा चढवला, वाचलं, परत वाचलं.

“ही माझी नाही.”

“नाही, बाई. आत्याने जुळणीवाल्याला लिहिलेली सूचना आहे ती. आणि पुढच्या पानावर जागाही राहिलीय सोडायची. माझंच चुकलं. तुम्ही म्हणालात तर सगळ्या प्रती परत नेतो.”

बाईंनी पान उलटून बहिणीची कविता वाचली. मग हळूच म्हणाल्या, “मी जन्मभर मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले. माझ्या वहीवर कोणी लिहिला नव्हता.” आणि चौथ्या ओळीखाली बोट ठेवून, “मी इथे थांबले होते, हे तुमच्या आत्यांना कसं कळलं हो?”

प्रती परत न्यायच्या की नाही हे त्यांनी सांगितलंच नाही, आणि विचारायचा प्रकाशकाला धीर झाला नाही.

पाच वाजता पन्नासेक माणसं जमली. बाईंनी सात कविता वाचल्या. मग एक्केचाळिसावं पान उघडलं, सूचना शब्द न् शब्द वाचली आणि पान उलटून बहिणीची कविता सुरू केली. चौथ्या ओळीनंतर त्या थांबल्या. छापील पानावर तिथे जागा नव्हती, पण सगळं सभागृह थांबलं. मागच्या रांगेतला खोकणारा माणूससुद्धा खोकला गिळून बसला. दोन ओळी होतील एवढ्या वेळाने बाईंनी पुढचं वाचलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई सह्या करायला बसणार होत्या. पण त्याआधी स्वतःची प्रत घेऊन त्या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या आत्याकडे गेल्या.

“या पानावर तुमची सही हवी.”

“भलतंच काय! मी काय कवयित्री आहे?”

“लोक विचारताहेत कोणाची म्हणून. मी किती जणांना खोटं सांगू?”

आत्याने पर्समधून पेन्सिल काढली. सही करायच्या आधी, सवयीने, एकदा वाचलं. मग शेवटच्या ओळीवर सरळ रेघ मारली.

“अहो, हे काय?” बाई दचकल्या.

“‘घाई करू नका’ हे जुळणीवाल्याला होतं. वाचणाऱ्याला कशाला सांगायचं? त्याला वरच्या ओळीत कळलंय.” तिने खाली सही केली आणि पुस्तक मिटलं. “आता बरी आहे.”

मागे उभ्या असलेल्या एका माणसाने आपली प्रत पुढे केली. “माझ्याही पुस्तकातली खोडून द्या ना.”

त्याच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने वाचनालयात दोन रांगा झाल्या होत्या, एक बाईंसमोर सहीची आणि एक आत्यासमोर दुरुस्तीची. प्रकाशक एका खांबाला टेकून बघत होता, आणि दुसरी रांग जास्त लांब होती.