अळूच्या वाफ्याचा सेफ्टी ऑफिसर

आमचे शेजारी कर्णिकसाहेब घरामागच्या अळूला पाणी घालतानाही डोक्यावर पिवळं हेल्मेट घालतात. अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या भागात डोक्यावर पडण्यासारखं काही नाही. फार तर एखादा खजूर. पण साहेब एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत, आणि कंपनीतून घरी आले तरी हुद्दा गेटवर ठेवून येत नाहीत. पाहुण्याला कप देण्याआधी "चहा गरम आहे" ही सूचना मिळते. कुणी पायरीवर ठेचकाळलं, की दुखलं का हे नंतर, आधी "हे इन्सिडेंट आहे. रूट कॉज काय?"

अळू मात्र ते खात नाहीत. एकदा आमच्याकडे अळूवडीची बशी पुढे केली, तर खुर्चीच मागे सरकवली. "नको. घशाला खाज सुटते. रिस्क कशाला?"

वाफा वहिनींचा. हिरव्या जाळीखाली, एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर भर उन्हाळ्यात तरारलेला. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, गणपतीला येते. तोवर अळू सांभाळा."

आणि एका सकाळी एक पान आडवं झालं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मातीखाली भुयार, आणि वरच्या बाजूने कुरतडलेला कंद. वाळवंटातला कुणी उंदीर ओलाव्याच्या वासाने मुक्कामालाच आला होता. साहेबांनी वाफ्याभोवती लाल-पांढरी फीत लावली आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

"औषध टाकू या," मी म्हणालो.

"जोशी, गणपती तोंडावर आलाय आणि आपण त्यांच्या ड्रायव्हरला विष घालायचं?"

मग पिंजरा आला. त्यात चीज लावलं. मुंग्या आल्या. मग, इथल्या उंदराला इथलं खाणं या सिद्धांताने, बदाम भरलेला उंची खजूर लावला. त्या मुंग्यांनी नातेवाईकही आणले. उंदीर आपला जमिनीखालून शिस्तीत पुढे सरकत होता. त्यालाही बहुधा टार्गेट असावं.

वाफ्याची डावी बाजू झोपली तसे साहेब रूट कॉज विचारेनासे झाले. रोज संध्याकाळी वहिनींच्या व्हिडिओ कॉलवर ते फोन असा धरत, की फक्त उजवी बाजू दिसावी.

एकदा मी शेजारीच उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "अहो, फोन जरा डावीकडे फिरवा बघू."

"नेटवर्क नाहीये."

"मी दिसतेय ना तुम्हाला? फिरवा."

साहेबांनी फोन फिरवला. पलीकडे वहिनी स्क्रीनजवळ सरकल्या. मग, "पिंजऱ्यात काय लावलंय?"

"खजूर."

"पाहुणा आहे का तो? खोबरं भाजून लावा! म्हणे सेफ्टी ऑफिसर."

दुसऱ्या सकाळी जाळीच्या भिंतीपलीकडून आरोळी आली, "जोशी! यल्ला, चला!" पिंजऱ्यात वाळूच्या रंगाचा, शेपटीला गोंडा असलेला एक गुबगुबीत इसम खोबरं संपवत बसला होता. साहेबांनी पिंजरा मागच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला आणि आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो. पिंजऱ्याचं दार उघडता उघडता छोटं भाषण झालं. "तुझा व्हिसा कॅन्सल. फायनल एक्झिट. खलास." उंदीर भाषण संपायच्या आत निघून गेला. आमच्या कॉलनीतल्या कुणाला हे कधी जमलेलं नाही.

परतताना मी म्हणालो, "साहेब, सुपरमार्केटात अळू मिळतं की. त्यासाठी केवढा हा खटाटोप."

"मिळतं. ते नव्हे हे." त्यांनी आरसा उगाच नीट केला. "सासूबाई गेल्या, मग त्यांचं घर विकलं. भावंडांनी भांडी, दागिने वाटून घेतले. हिने अंगणातले कंद तेवढे पर्समधून आणले."

गणपतीला वहिनी आल्या. उरलेल्या उजव्या बाजूने सगळ्यांना पुरेल एवढं फतफतं दिलं. वर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. साहेब जेवतानाही हेल्मेट घालतील की काय अशी मला धास्ती होती. पण ते बोडक्या डोक्याने पानावर बसले, वाटीभर अळू संपवलं आणि लाल डोळ्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला.

"काय हो, खाज सुटली?" वहिनींनी विचारलं.

"छे. मिरची लागली."

वहिनींनी स्वतःची वाटी चाखली. "आईच्या हातचं लागतंय," म्हणाल्या.

साहेबांनी घसा खाकरला आणि वाटी पुन्हा पुढे केली.