तीन तास, आणि तेही मुद्दाम

पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं मास्तराला आत ठेवू, एवढंच किल्लेदारानं ठरवलं होतं. माणसाचं वाटोळं काही मोठ्या ठरावानं होत नाही हो, अशा चिमूटभर ठरावानंच होतं.

किल्लेदार हे त्याचं खरं नाव नव्हे. कुलपं बनवायची, किल्ल्या घासायच्या आणि किल्ली हरवून उंबऱ्याबाहेर ताटकळणाऱ्यांना त्यांच्याच घरात घालायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. कमरेचा जुडगा एवढा मोठा, की स्वारी येतेय हे गल्लीला वळणावरूनच कळे. (बायकोला त्याच्याही आधी कळे. तेवढ्यात तिचं बहिणीशी फोनवर बोलणं आटोपून होई.)

मास्तर म्हणजे शेजारच्या दुकानातला शिंपी. माणूस वाईट नव्हता, पण विचारून घेणं हा प्रकार त्याच्या आईनं शिकवायचा राहून गेला होता. किल्लेदाराच्या दुकानामागं सामानाची खोली, आणि खोलीत शिडी. मास्तराचा दिवा गेला, पडदा निसटला, छतावर कोळिष्टक दिसलं, की तो सरळ आत शिरायचा आणि शिडी खांद्यावर टाकून चालता व्हायचा. परत आणायचा ती किल्लेदारानं स्वतः जाऊन मागितल्यावर, आणि वर म्हणायचा, "मीच आणणार होतो की!"

त्या दिवशी सकाळी किल्लेदारानं त्या खोलीला आपल्या हातचं नवं कोरं कुलूप बसवलं होतं. दोन महिने खपून केलेलं. दार ओढून घेतलं की आपोआप बसणारं आणि किल्लीशिवाय न उघडणारं. कुलूप बसवून तो जरा मागं सरकून कौतुकानं बघतोय, तोच मास्तर आला, बाजूनं आत शिरला आणि म्हणाला, "चालू द्या तुमचं, मी शिडी घेतो."

किल्लेदारानं दार ओढलं. खट्.

"अहो किल्लेदार!"

"बसा जरा पाच मिनिटं. शिडीशी गप्पा मारा."

पाच मिनिटं झाली. किल्लेदारानं रुबाबात किल्ली घातली. किल्ली अर्धी फिरली आणि आत काहीतरी घसरलं. ती पुढंही जाईना, मागंही येईना. तेल झालं, तार झाली, टाचणी झाली, फुंकर झाली. शेवटी त्यानं कुलपाला शिव्या दिल्या, मग गोंजारलं, मग पुन्हा शिव्या दिल्या. आतून मास्तर अधूनमधून "किती वेळ?" म्हणायचा आणि किल्लेदार बाहेरून गुरकावायचा, "मी म्हणेन तेवढा वेळ!" (आता हे बोलायची काही गरज होती का? पण घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतो.) बरोब्बर तीन तासांनी, तार आत घुसळता घुसळता, एकदाचं दार उघडलं. किल्लेदारानं घाम पुसला आणि छाती काढली. "जा. धडा मिळाला ना?"

मास्तर गेला. शिडी न नेता गेला, हे मात्र विशेष.

चौथ्या दिवशी नोटीस आली.

किल्लेदाराची भाची वकील होती. तिनं नोटीस वाचली, चष्मा काढला आणि मामीकडं बघून मान हलवली.

"मामा, तू मास्तरांना कोंडलंस?"

"पाच मिनिटं. गमतीनं."

"गंमत होती की राग होता, ते कोर्ट विचारत नाही. दार ओढायचं तुझ्या मनात होतं आणि तू ते ओढलंस, एवढं पुरतं. जाणूनबुजून केलेलं म्हणतात ते हेच. हाडवैर असावंच लागतं असं नाही."

"पण तो आपल्या पायानं आत गेला होता!"

"आत जायला तयार होता. आत राहायला कुठं तयार होता?"

"माझी शिडी, माझी खोली! न विचारता शिरला!"

"ती त्यांची चूक. तिच्यासाठी तू त्यांच्यावर दावा लाव. पण शिडी वाचवायला माणूस कोंडता येत नाही. एकाच्या चुकीनं दुसऱ्याची धुऊन निघत नाही, मामा."

"बाहेर आल्यावर ह्यांनी पक्कड नाचवली त्यांच्या नाकापुढं," मामीनं भर घातली.

"लागली का?"

"नाही गं, नुसतीच नाचवली."

"नुसती नाचवली तरी आता बसेल असं समोरच्याला वाटलं ना? ती आणखी वेगळी चूक."

"अगं मग ह्या जन्मात करायचं तरी काय माणसानं?" किल्लेदार ओरडला. "आता पोलीस येतील?"

"ही नोटीस दिवाणी आहे. बेड्या नाहीत."

किल्लेदाराला थोडं वाईटच वाटलं. बेड्या त्यानं सगळ्यांसमोर दोन मिनिटांत उघडून दाखवल्या असत्या.

"एक वाट आहे," भाची म्हणाली. "पाच मिनिटांची कबुली दे, माफी माग. आणि त्या पाच मिनिटांनंतरच्या वेळाबद्दल खरं काय ते लिही. कुलूप अडकलं, मला उघडता येईना, माझ्या मनात नव्हतं. प्रकरण इथंच मिटेल."

किल्लेदार ताडकन उठला. "उघडता येईना? हे मी लिहून देऊ? माझ्या सहीनं?"

"खरं आहे ना पण?"

"खऱ्याला काय चाटायचंय! तीस वर्षं पाटीवर लिहिलंय, 'कोणतेही कुलूप उघडून मिळेल.' उद्या अख्खी गल्ली म्हणेल, ह्याला स्वतःचंच उघडेना. कोण येईल माझ्याकडं? लिही. तीन तास मी त्याला कोंडला. आणि तेही मुद्दाम!"

"मामा, तू स्वतःच्या गळ्यात दोर घालतोयस."

"घालू दे. दोर चालेल, अब्रू नाही द्यायची."

मामी म्हणाली, "ह्यांचं डोकं म्हणजे ह्यांचंच कुलूप. एकदा अडकलं की अडकलं."

रविवारी भाचीनं दोन्ही घरांना दुकानात बोलावलं. मास्तर आला तो बायकोच्या मागून, मान खाली घालून. नोटिशीचा जोर सगळा ह्या वहिनींचा होता. "माझा भाऊ त्या दिवशी बारा तासांचा प्रवास करून आला होता," त्या बसायच्या आधीच सुरू झाल्या. "ह्यांना भेटायला! आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची सगळी हकीकत सांगायला! आणि हे कोंडलेले! बिचारा वाट बघून बघून गेला."

"माझे मामा त्याबद्दल..." भाचीनं सुरुवात केली.

"मामाला दिलगिरी वगैरे काही नाही!" किल्लेदार मध्येच उभा राहिला. "मी कोंडला. पुन्हा शिडीला हात लावला, तर पुन्हा कोंडीन. माझं कुलूप आहे ते! मी मनात आणलं म्हणून तीन तासांनी उघडलं, मनात आणलं नसतं तर हा अजून आतच असता. ह्याला काय, शर्टाचं बटण सोडून दुसरं काही उघडता येतं का?"

मास्तराची मान वर आली. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस तो, बटणावर बोललेलं कसं सोसणार?

"अहो जा! म्हणे कुलूप! स्क्रू सगळे आतल्या बाजूला. कात्रीच्या टोकानं दहाव्या मिनिटाला कुलपाची पट्टी सोडवली मी!"

भिंतीवर टांगलेल्या किल्ल्यासुद्धा हलायच्या थांबल्या.

खरंच होतं ते. चोराच्या हाती लागू नयेत म्हणून स्क्रू नेहमी आतल्या बाजूला, ही धंद्याची रीतच. किल्लेदारानं जन्मभर माणसं बाहेर ठेवायची कुलपं केली. माणूस आत ठेवायचं काम त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं.

"दार उघडून बघितलं," मास्तर आता थांबेना, "तर तुम्ही तेल आणायला गेलेले. मग पुन्हा लावून घेतलं."

"लावून घेतलं?" वहिनी हळूच म्हणाल्या. "का?"

मास्तराला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. "म्हणजे... शिडीवर बसायला बरं होतं... सावली होती..."

"माझा भाऊ जाईपर्यंत?"

मास्तर शिडीकडं बघायला लागला.

भाचीनं नोटिशीची घडी घातली. "संपलं. बाहेर पडायची वाट आहे हे ज्याला ठाऊक होतं आणि तरी जो बसून राहिला, त्याला कोंडलं असं म्हणता येत नाही. पहिली दहा मिनिटं, पक्कड आणि शिडी उरली, ते दोघं एकमेकांना माफ करा. मामा, तू सुटलास."

"सुटलो?" किल्लेदार पांढरा पडला. "अगं, असं कसं? मी कोंडला त्याला! तीन तास! आणि शेवटी माझ्याच तारेनं उघडलं ना ते?"

"नाही हो," मास्तर अपराधी आवाजात म्हणाला. "मला भूक लागली. कुलपाची जीभ मागं सारली, पट्टी बसवली, स्क्रू घट्ट केले आणि दार ओढलं. तुमची तार तेव्हा आत होती, एवढंच."

किल्लेदार मटकन स्टुलावर बसला. मामीनं न मागता पाणी आणून दिलं, म्हणजे बघा प्रकरण किती गंभीर होतं.

वहिनींनी नवऱ्याच्या कोपराला धरून त्याला दाराकडं वळवलं. उंबऱ्याशी थांबल्या. पुढच्या महिन्यात भाऊ पुन्हा यायचा होता, ह्या वेळी आठवडाभरासाठी, आणि नवरा निसटू नये म्हणून घराला बाहेरून लावायला काहीतरी पक्कं हवंच होतं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या कुलपांकडं पाहिलं, एकदा किल्लेदाराकडं पाहिलं, आणि मामीच्या कानाशी वाकून विचारलं,

"वहिनी, तुमच्या ओळखीत दुसरा कुणी कुलूपवाला आहे का हो?"