पेटुनियालासुद्धा कळतं

शिंदे सरांना ओतुरात कुणी मनापासून लग्नाला बोलवायचं नाही. अक्षता पडल्या की ते वरबापाला गाठायचे आणि विचारायचे, "मुलगी नात्यातली का?"

"व्हय, मामाचीच हाय."

सर मान हलवायचे. "पेटुनियालासुद्धा कळतं हो."

वरबापाला वाटायचं, पेटुनिया ही सरांची कुणीतरी पाहुणी.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो, सर वनस्पतिशास्त्र. नव्वदनंतरची ही वर्षं. सायन्सच्या इमारतीमागे त्यांनी पेटुनियाची रोपं लावली होती आणि कळ्यांना कागदी पिशव्या बांधल्या होत्या. शिपाई त्यांना 'सरांच्या टोपरं घातलेल्या पोरी' म्हणायचा.

"या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही," सर चहा पिता पिता मला सांगायचे. "भावकीतला आला तरी ओळखतं आणि दारातच अडवतं. ही ओळख पटवणारा जीन कुठल्या गुणसूत्रावर बसलाय, ते मला शोधायचंय. गुणसूत्रांच्या जोड्या सात. सात वाड्या समजा."

"मग पत्ता कसा लागणार?"

"शेजाऱ्यावरून. एका वाडीची माणसं एसटीला बरोबर येतात ना? तसा फुलाचा एखादा रंग दर पिढीत या जीनबरोबरच उतरायला लागला, की दोघं एकाच वाडीचे."

एकदा तिथं शेळी शिरली आणि सरांची दोन वर्षांची मेहनत चघळून गेली. शेळीचा मालक हात जोडून उभा राहिला. सर त्याला एवढंच म्हणाले, "भाऊ, आधी कुठल्या रंगाची खाल्ली, तेवढं आठवतंय का?"

दर शनिवारी सर निरगुडसरला घरी जायचे. घरच्यांविषयी मात्र बोलायचे नाहीत. एकदा ते तापाने तिकडेच अडकले, म्हणून परीक्षेचे पेपर घेऊन मी गेलो. वहिनींनी चहा दिला. मी गमतीने म्हणालो, "वहिनी, सर लग्नात लोकांना लई छळतात."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या मामाचीच पोरगी."

मी कप खाली ठेवला.

"आमच्या सुमीला जन्मापास्नं ऐकू येत न्हाई. डाक्टर म्हनलं, नात्यातल्या लग्नानं आसंल, नसंल बी. तवापास्नं हे गावभर सांगत फिरत्यात. घरात मातुर त्यातलं एक अक्षर काढत न्हाईत. पोरगी व्हट वाचती. आपन चुकून आलो, आसं तिला वाटाया नको."

आतल्या खोलीत सर शाल पांघरून खाटेवर बसले होते. समोर दहाबारा वर्षांची सुमी. सरांचा एक हात फूल झाला होता, दुसरा मधमाशी. मधमाशी ऐटीत आली, फुलाने दार लावून घेतलं, आणि सरांनी मधमाशीचा असा काही चेहरा केला की सुमी खळखळून हसली. हसणं फार मोठ्यानं होतं. तिला ते ठाऊक नसावं.

मी पेपरांचा गठ्ठा पुढे केला. सरांनी हातानेच मला थांबवलं आणि तिचं हसू ओसरेपर्यंत ते नुसतं ऐकत राहिले.