श्रीधरराव आणि चपटा फोटो

आमचे डॉक्टर श्रीधरराव साधा नारळसुद्धा चारी बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय घेत नसत. बेगम बाजारातला नारळवाला एकदा वैतागून म्हणाला, "साब, नारियल लेना है कि रिश्ता करना है?" साहेबांनी शांतपणे नारळ उलटा केला आणि बुडाकडूनही तपासला.

हिमायतनगरच्या एका तपासणी केंद्रात ते क्ष-किरणतज्ज्ञ आणि मी तंत्रज्ञ. देशात परदेशी मोटारी आल्या, घरोघरी केबल आली, त्याच सुमारास आमच्याकडे नवं सीटी मशीन आलं. छातीचे पातळ काप टिपायचे आणि संगणकावर जोडून अख्खं फुप्फुस उभं करायचं. साहेबांना जन्माचं खेळणं मिळालं. "चपटा फोटो आधा बोलता मियाँ, घुमाके देखो," हे ते येईल त्याला ऐकवत. खोकला घेऊन आलेल्या पेशंटला त्याचंच फुप्फुस वरून, खालून, पाठीमागून दाखवत. फुप्फुसावरचं आवरण समजावताना तर भर दवाखान्यात कोटाचं अस्तर उलटं करत. पुतण्यासाठी मुलीचा फोटो आला तेव्हा यांनी विचारलं, "बाजूने काढलेला नाही का?" ते स्थळ अर्थातच गेलं.

मग एक दिवस गौलीगुड्याहून त्यांच्या वहिनी तपासणीला आल्या. साहेबांची आई लवकर गेली. वहिनींनीच त्यांना वाढवलं. लग्न त्यांनी केलं नाही, जेवण अजूनही वहिनींच्या हातचं. आता वहिनींच्या साध्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसात गोल गाठ दिसत होती, आणि बाहेरच्या डॉक्टरांनी कर्करोगाची शंका काढली होती.

स्कॅन झाला. चित्र पडद्यावर आलं. साहेब मात्र पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे.

"साहेब, बघता ना?"

"तुम्हीच फिरवा, कुलकर्णी. माझ्याच्यानं नाही होत."

मी फिरवलं. "समोरून गोल आहे, साहेब. बाजूने भिंगासारखं चपटं दिसतंय."

"फुप्फुसाच्या दोन भागांमधल्या फटीत आहे का?" त्यांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"हो, फटीतच."

ते गर्रकन वळले. माऊस माझ्या हातून ओढून घेतला आणि ते चित्र मनसोक्त फिरवलं. गाठ नव्हतीच. फटीत पाणी साठलं होतं.

वहिनी बाहेर बाकावर बसून स्कॅनसाठी काढलेल्या बांगड्या चढवत होत्या. "काय निघालं रे श्रीधर?"

एरवी साहेबांनी अर्धा तास घेतला असता. ते नुसते शेजारी बसले. "पाणी आहे, वहिनी. काढता येतं," म्हणाले आणि हमसून रडायला लागले.

"रडायलास कशाला? लोक बघायलेत."

"तुम्हाला काही झालं असतं तर मला कोण होतं?"

वहिनींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. "मशीनमध्ये पडल्या पडल्या मी देवाला तेच विचारत होते," त्या म्हणाल्या.