बघितलंत, की ऐकलंत?

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, अक्षरही वाकडं येतं, ते आधीच माफ करा. पण मनात राग ठेवून भाकरी थापली की कडेला चिरते, म्हणून हा राग कागदावर उतरवते आहे. राग मोहोळकर काकांवर आहे.

काका आमच्या बोळाच्या तोंडाशी राहतात. मागच्या वर्षी बोळातल्या म्हाताऱ्या आजी वारल्या. मी सांगायला धावले, "काका, आजी गेल्या." काकांनी शांतपणे चष्मा लावला आणि म्हणाले, "हे तुम्ही बघितलंत, की ऐकलंत?" मी म्हटलं, रडारड ऐकली. "मग रडणं ऐकलंत. जाणं नाही." असं म्हणून ते स्वतः उठले. डॉक्टर कोण, वेळ काय, हे विचारलं. आजींचा मुलगा हंबरडा फोडत होता, त्याला थांबवून आजींचं वय पक्कं केलं. मग चौकात जाऊन फळ्यावर खडूनं लिहिलं. तोवर आजींना नेऊन माणसं परत येत होती.

तो फळा गणपती मंडळाचा. काका उभा जन्म एका वर्तमानपत्रात बातमीदार होते. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. मग त्यांनी फळा ताब्यात घेतला. आता बोळाची सगळी बातमी तिथं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून बायका फळ्याकडं डोळे लावून. पण काका व्हॉल्व्हवाल्याला फोन करणार, मग टाकीवरच्या माणसाला करणार. दोघांचं जुळलं तरच लिहिणार. ते जुळेपर्यंत नळ येऊन गेलेला. मग फळ्यावर ओळ: 'पाणी पहाटे येऊन गेले.' बायका घागरी घेऊन त्यांच्या दारात भांडायला गेल्या. काका म्हणाले, "खात्री नसताना लिहिलं असतं तर तुम्ही उगाच जागल्या असता." जागलो असतो तर पाणी तरी भरलं असतं, असं माझ्या अगदी ओठावर आलं. पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही.

मी कडक भाकरीचा धंदा करते. मंगळवेढ्याची ज्वारी आणायची, भाकरी पातळ थापायची, भाजून तव्याच्या कडेनं उभी करून पापडासारखी वाळवायची. टेंभुर्णीला हायवेवरचे दोन हॉटेलवाले नेतात. शिवाय काकांचा दोन वेळचा डबा माझ्याकडं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला. कधी विचारलं, आमटी कशी झाली होती, तर म्हणणार, "मीठ कमी. बाकी तपशील हाती आलेला नाही." एकदा डबा खाली सांडला, तर त्याचीही चौकशी: कुणी ठेवला, कुठं, कसा.

रविवारी त्यांच्याकडं पोरांचा वर्ग असायचा, बातमी कशी लिहायची याचा. फुकट. डबा घेऊन गेले की कानावर पडायचंच. एकानं लिहिलं, गोदामाला भीषण आग. काकांनी त्याला उन्हात परत पाठवलं, काय जळालं ते बघून ये म्हणून. चिंध्यांचं एक पोतं आणि एक खुर्ची. "भीषण खोडा," काका म्हणाले. "ज्याला वाईट वाटायचं असेल त्याला पोत्याचंही वाटेल." आणि दर रविवारी एक वाक्य ठरलेलं: ज्याच्याकडं बोट दाखवायचं, त्याला आधी विचारायचं.

त्या वर्गातला हुशार मुलगा म्हणजे निलेश. दोन महिने आला, पुरे झालं म्हणाला आणि त्यानं मोबाईलवर आपलं चॅनल काढलं.

आता मुख्य गोष्ट. आमची बारा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला पैसे माझ्याकडं जमा व्हायचे, रविवारी चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिनं न्यायचे. त्या महिन्यात चिठ्ठीच्या आदल्या दिवशी अंजम्मा आली. तीही भिशीतली. तिचा नवरा यंत्रमागावर. मागात हात सापडून दोन बोटं गेली होती, दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणत होते. आणि तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. जावयाकडच्यांना कळलं की बापाचा हात गेला, तर मोडणार. अंजम्मा माझ्या पायाशी बसली. "कमलक्का, पैसे दे. फेडते मी. लगीन होईपर्यंत कुणाला बोलू नको." मी सगळी भिशी तिच्या पदरात घातली आणि शब्द दिला. बाकीच्यांना म्हटलं, चिठ्ठी पुढं काढू. का, ते सांगता येईना. लगेच कुजबुज सुरू झाली.

तशात जेऊरला माझी बहीण आजारी पडली. दाराला कुलूप लावून चार दिवस गेले. इकडं निलेश माझ्या कुलपासमोर माईक घेऊन उभा राहिला. मागं कसलंसं धडधड संगीत. भाकरीवाली बाई भिशी घेऊन फरार. माझ्या कुलपाचा एवढा मोठा फोटो की चावीचं भोकसुद्धा दिसावं.

परत आले तर बोळ माझ्याकडं पाठ करून उभा. टेंभुर्णीचे दोघंही म्हणाले, सध्या भाकरी नको. ज्या बायकांच्या बाळंतपणात मी पेजेची पातेली नेली, त्या मला बघून दार लोटत होत्या. मी तडक काकांकडं गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज चढला.

"काका, फळ्यावर लिव्हा, ही बाई चोर न्हाई म्हणून."

चष्मा वर गेला. "पैसे कुठं आहेत?"

"सांगता येत न्हाई."

"कुणाला दिलेत?"

"व्हय. पन नाव न्हाई सांगनार. शब्द दिलाय."

काकांनी पेन खाली ठेवलं. "मग नाव विचारत नाही. पण त्या व्यक्तीला माझ्याकडं पाठवा. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही." मी जायला निघाले, तेव्हा पाठीमागून म्हणाले, "आणि कमलबाई, उद्यापासून डबा बंद करा."

एवढी वर्षं माझ्या हातचं खाल्लं त्या माणसानं. ताप आला तेव्हा तांदळाच्या कण्यांची कण्हेरी करून नेली मी. त्यानंही डबा तोडला. मी चुलीपाशी बसून काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अर्थात मनातल्या मनात.

पुढचे दिवस काका दारोदार हिंडत होते. भर उन्हात, छत्री घेऊन, प्रत्येक भिशीवालीला तेच: बघितलंत, की ऐकलंत? एकीनं दुसरीकडून ऐकलेलं, दुसरीनं तिसरीकडून, तिसरीनं निलेशच्या चॅनलवर. निलेशला त्यांनी चौकात गाठलं. चहाच्या गाडीवरचे सगळे ऐकत होते.

"तू कमलबाईंना विचारलंस?"

"दार बंद होतं काका."

"मग दार बंद होतं, एवढीच तुझी बातमी होती."

मी अंजम्माला सांगितलं, तू त्यांना भेट, ते नाव फोडणार नाहीत. ती दुपारी जाऊन भेटली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं. मला शेजारणीनं वाचायला बोलावलं नाही, मीच गेले. लिहिलं होतं: 'भिशीचे पैसे कोणी पळवले नाहीत. ते भिशीतील एका सदस्येकडे असून तिने तसे स्वतः सांगितले आहे. ती हप्त्याने परत करणार आहे. मात्र हे पैसे देताना इतर सदस्यांना विचारले नव्हते, ही चूक भिशी चालवणाऱ्या बाईंची आहे.'

माझं डोकं फिरलं. चोर नाही असं सांगायला गेले, तर चूक माझ्या गळ्यात बांधून, भर चौकात टांगली. अडल्या बाईला मदत केली ती चूक? मी घरी आले, फडकं ओलं केलं आणि फळा पुसायला निघाले. फळ्यापुढं चार बायका उभ्या होत्या. त्यातली एक म्हणत होती, "मग पळवले न्हाईत की हिनं. पळवले असते आणि म्हातारा हिच्या बाजूनं असता, तर हिचीच चूक कशाला लिवली असती?" दुसरी म्हणाली, "व्हय, ते बी खरंच."

फडकं हातात तसंच घेऊन मी माघारी आले. त्याच फडक्यानं ओटा पुसला.

हळूहळू दारं उघडली. हॉटेलवाल्यांचे फोन आले. निलेशनं ती पहिली बातमी काही काढली नाही, अजून आहे ती मोबाईलवर, संगीतासकट. त्याचा राग माझ्याबरोबर जाईल. पण त्याहून जास्त जळत होतं ते डब्याचं. काकांनी डबा परत सुरू केला नाही. अंजम्मा थोडे थोडे पैसे आणून देत होती, मी वाटून टाकत होते, आणि काका माझ्या दारावरून मान खाली घालून जात होते. सदऱ्याची गळपट्टी सैल पडली होती. मी मुद्दाम भांडी आपटायचे.

अंजम्माच्या मुलीचं लग्न लागलं. पुढच्या आठवड्यात ती उरलेले सगळे पैसे घेऊन आली आणि म्हणाली, "सगळ्यांना बोलव अक्का, मीच सांगते." अकराजणी माझ्या घरात जमल्या. खातरी करायला काकाही आले, पण दारातच उभे राहिले. अंजम्मानं सगळ्यांसमोर सांगितलं, पैसे मी नेले होते, कशाला नेले होते. मग काकांना म्हणाली, "माझं नाव लिवा आता."

"नावाचं काय करायचंय लोकांना," काका म्हणाले. "पैसे मिळाले, एवढी बातमी पुरे."

बायका पैसे मोजायला बसल्या. मी दाराशी गेले. जे महिनाभर भांड्यांवर काढलं, ते एकदाचं तोंडानं काढलं. "माझ्या हातचं कडू लागत होतं का काका?"

"तुमचा डबा खाऊन तुमची बातमी लिहिली असती, तर कुणी खरी धरली असती?"

"मग जेवलात कुटं?"

"चुरमुरे. दूध."

"दुसरीकडं डबा लावायचा की. बोळात खाणावळी का कमी हायेत?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "दुसरीकडं लावला असता तर लोक म्हणाले असते, काकांनीसुद्धा हिचं सोडलं. कशाला सोडलं, ते कुणी विचारलं नसतं."

राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

मी तवा चढवला आणि त्यांच्यापुढं ताट आदळलं. ते उंबऱ्यातच मांडी घालून बसले. पहिली भाकरी त्यांनी कोरडीच खाल्ली, भाजीसाठी थांबले नाहीत. आतून अंजम्माचा आवाज आला, "कमलक्का, झाले सगळे पूर्ण. एक रुपया राहिला नाही बघ."