शर्टापुरती जागा

माझ्या गाडीत काय मावत नाही ते मला एकदा कोणीतरी सांगावंच! मेहकरच्या शाळेत मी भूगोल शिकवतो आणि मधल्या सुट्टीत गाडी शिकवतो. दिसायला आखूड, पण मागचं सीट पाडलं की आत अख्खी खोली. वर सनरूफ. किल्ली खिशात असली की झालं, बटण दाबायचं आणि निघायचं. हे सगळं मी इतक्यांदा सांगितलंय की मी खुर्ची ओढली की स्टाफरूममधले लोक घाईघाईनं वह्या तपासायला घेतात.

त्यामुळे शुक्रवारी सकाळी सातला जानेफळहून बनाबाई आत्याचा फोन आला, तेव्हा मी एका दमात म्हणालो, "कायले फिकर करतं आत्या? माही गाडी आहे ना."

भानगड अशी होती. आत्याच्या महामायाचं लग्न रविवारी. आणि आत्याचा हट्ट, की पोरगी नांदायला जाईल ती आपल्याच वावरातल्या कापसाच्या गाद्या घेऊन. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणतात, पण गुलाबी बोंडअळीनं तीन वर्षं असा मुक्काम ठोकला की अर्ध्या गावानं सोयाबीन धरलं. आत्यानं मात्र अर्धा एकर कापसाची पऱ्हाटी सोडली नाही. किडकी बोंडं हातानं वेचून जाळली आणि यंदा दीड क्विंटल पांढराशुभ्र कापूस घरात आणला. एवढी जिद्द माझ्यात असती तर मी आज मुख्याध्यापक असतो.

हा कापूस मेहकरला शकूरभाई पिंजाऱ्याकडे न्यायचा होता. शकूरभाई संध्याकाळी घरच्या लग्नाला मलकापूरला निघणार, ते थेट सोमवारी येणार. "अकराच्या आत माल आला तरच गाद्या होतीन," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. आणि ठरवलेला टेम्पो नेमका सकाळी बिघडला होता.

शाळेत रजा टाकून साडेआठला मी जानेफळात. कापसाचं बूर लागू नये म्हणून नवा शर्ट काढला आणि गाडीतल्या हुकाला अडकवला. आत्याचे दीर इंद्रभानकाका गाठोडी आणू लागले. एका गाठोड्यात डिकी भरली, दुसऱ्यात उरलेली गाडी. ओसरीवर अजून पाच गाठोडी माझ्याकडे बघत होती.

"दोन-तीन चकरा होतीन," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"तवर शकूरभाई मलकापुरात जेवून राह्यतीन," आत्या म्हणाली. "काढा ते गाठोडे. सोडा सारे. कापूस भरत नसते बाबू, तुडवा लागते."

साठीची काटक बाई. तिनं पाय धुतले, लुगडं खोचलं, गाडीत शिरली आणि डोक्याला कसलंसं फडकं गुंडाळलं. मी तेव्हा काकांना बटणाची गंमत समजावून सांगत होतो.

"ते वरचं झाकण उघड," आतून हुकूम आला.

सनरूफ उघडलं. काका स्टुलावर चढून वरून मोकळा कापूस ओतू लागले आणि आत्या तुडवू लागली. आधी चारी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य. टाच आधी, मग चवडा. तीस वर्षं बैलगाडीत कापूस तुडवलेले पाय ते! थोड्या वेळानं सनरूफमधून आत्याचं डोकं वर आलं. मग खांदे. मग कंबर. मी भूगोलाचा मास्तर, पण इतक्या झटपट वर येणारी जमीन मी जन्मात पाहिली नव्हती. सातही गाठोडी संपली आणि ओसरी रिकामी झाली. मला उगाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात आठवलं. शर्ट! आणि शर्टाच्या खिशात किल्ली! म्हणजे दीड क्विंटल तुडवलेल्या कापसाच्या तळाशी. दहाला पाच कमी. उपसायचं म्हटलं तर महामायाच्या गाद्या गेल्याच.

"मेलो," मी मटकन पायरीवर बसलो. "किल्ली आत राह्यली."

"गाडीतच आहे ना?" आत्या वरून म्हणाली. "मंग बटण दाब. तूच तर सांगून राह्यला होता."

दाबलं. गाडी सुरू झाली. काका माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मी हे सगळं ठरवूनच केलंय असा चेहरा केला.

निघालो. मी बनियनवर, कापसात खोदलेल्या खळग्यात. आत्या कमरेइतकी सनरूफच्या बाहेर, कारण वरचा दाब काढला की कापूस फुगतो म्हणे. निवडून आलेल्या सरपंचासारखी ती रस्त्यातल्या माणसांना हात करत होती. मेहकरच्या स्टँडवर नेमके आमचे मुख्याध्यापक उभे. मी मान खाली घातली. आत्यानं त्यांनाही हात केला.

पावणेअकराला शकूरभाईंच्या दारात. त्यांनी डिकी उघडली, पण कापूस सांडला नाही. भिंतीसारखा उभा राहिला.

"क्या बात है बनाबाई," शकूरभाई त्यावर हात फिरवत म्हणाले. "अशी तुडवणी आता कोणाले जमत नाही."

गाडी रिकामी झाली. मी सीटखाली पाहिलं, हुकाकडे पाहिलं. शर्ट नाही. तिकडे पिंजायचं मशीन सुरू झालं. किल्ली मशीनमध्ये गेली, ठिणगी उडाली, तर सगळा कापूस पेटायचा. मी ओरडत धावलो, "बंद करा! आत लोखंड आहे!"

मशीन थांबलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आत्यानं शांतपणे डोक्याचं फडकं सोडून झटकलं. तो माझा शर्ट होता. मग कनवटीची गाठ सोडून तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"कापसात पाय टाकायच्या आधी लोखंड काढून घ्या लागते. एवढं तर आमच्याकडं लेकराले समजते."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू काकाले गाडीचं सांगून राह्यला होता. मधात कशी बोलू?"

संध्याकाळपर्यंत दोन गाद्या, रजई आणि चार उशा तयार झाल्या. रविवारी महामाया त्या घेऊन सासरी गेली. ती निघताना आत्या गादीवर हात ठेवून ढसाढसा रडली आणि मीही रडलो.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये गुपचूप जाऊन बसलो. गाडीचं नाव काढलं नाही. शेवटी मुख्याध्यापकांनीच चष्म्यावरून पाहिलं.

"सर, तुमच्या त्या गाडीत सगळं मावतं म्हणता. मग शर्टापुरती जागा नव्हती का?"