साहेबांच्या कोल्हापुरी

पुष्करने नोकरीला लागल्या लागल्याच जाहीर करून टाकलं होतं, की या ऑफिसात आजवर जे झालं नाही ते तो करून दाखवणार. मोरिवलीच्या एमआयडीसीत डब्यांची झाकणं बनवणारी ही कंपनी. तिच्या कॉम्प्युटरवर सकाळी जे पहिलं पान उघडायचं त्याला डॅशबोर्ड म्हणायचे, आणि त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघायचं नाही. पुष्करला घेतलं होतं ते हे पान नव्याने बनवायला.

"वापरणाऱ्याला काय हवंय ते आधी विचारायचं," तो छाती पुढे काढून सांगायचा. "मी टेबलाटेबलावर जाऊन विचारणार."

यात त्याचा स्वतःचाही जीव अडकला होता. सोनिवलीच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या वैदेहीशी त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ अशासाठी, की तिचे बाबा म्हणाले होते, "आधी पर्मनंट हो, मग साखरपुड्याचं बघू." आणि पर्मनंट करणं होतं मालकांच्या, म्हणजे चिंतामणीसाहेबांच्या हातात.

तेव्हा पुष्कर टेबलाटेबलावर गेला. "सकाळी आल्या आल्या तुम्हाला सगळ्यात आधी काय बघायचं असतं?" लोक म्हणाले, प्रॉडक्शन. लोक म्हणाले, पेंडिंग ऑर्डरी. पुष्करने त्यांचे सुरेख रंगीत चौकोन बनवले, आणि त्यांच्याकडेही कोणी बघितलं नाही. शेवटी अकाउंट्सच्या शीलाताईंना त्याची दया आली.

"आम्ही खरं काय बघतो ते दाखवू?" असं म्हणून त्या त्याला साहेबांच्या केबिनबाहेर घेऊन गेल्या. केबिनमध्ये देव्हारा होता, म्हणून साहेबांसकट सगळे आपली पादत्राणं बाहेरच्या स्टँडवर काढूनच आत जायचे.

"हे बघ," शीलाताई हळूच म्हणाल्या. "कोल्हापुरी असल्या तर साहेब देवळातून आलेत, काहीही मागून घे. सँडल असली तर कामापुरतं बोल. आणि काळे बूट असले की बँकेत नाहीतर टॅक्सवाल्यांकडे जाऊन आलेत. त्या दिवशी तोंडसुद्धा दाखवायचं नाही. मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या, सम्यकच्या अ‍ॅडमिशनसाठी रजा हवी होती, तर मी चार दिवस कोल्हापुरींची वाट बघितली."

पुष्करला तर खजिनाच सापडला. त्याने स्टँडच्या वर एक छोटा कॅमेरा बसवला, त्याला चपला ओळखायला शिकवलं आणि डॅशबोर्डच्या मधोमध एक चौकोन टाकला. त्यावर नुसतं 'साहेब' असं लिहिलेलं. कोल्हापुरी दिसल्या की हिरवा, खाली 'बिनधास्त जा'. सँडल दिसली की पिवळा. काळे बूट दिसले की लाल, खाली 'आज नको'. आणि स्टँड रिकामा असला तर 'साहेब आलेले नाहीत'.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस डॅशबोर्डला डोळे लावून बसायला लागलं. उल्हासनगर कॅम्प एकहून येणारा परचेसचा जयदेव तर म्हणाला, "भाई, ये हुआ ना काम. आता उठून बघायला जायची झंझटच नाय."

गडबड झाली ती पहिल्या हिरव्या दिवशी. चौकोन हिरवा झाला आणि सगळे एकदमच उठले. केबिनबाहेर ही रांग! स्टँडवर चपलांचा ढीग झाला, साहेबांच्या कोल्हापुरी तळाशी गेल्या आणि सगळ्यात वर आले डिस्पॅचच्या भगवानमामांचे काळे बूट. चौकोन लाल झाला. रांगेतले लोक मोबाइलवर ते बघून आल्या पावली पळाले. आत साहेब हसतमुखाने "या, पुढचे कोण?" म्हणत बसून राहिले, पण कोणी येईना.

पुष्करने लगेच फर्मान काढलं, की साहेबांच्या स्टँडवर कोणीही चपला ठेवायच्या नाहीत, सगळ्यांनी जिन्यावर काढायच्या. पूजेला आल्यासारख्या चपला जिनाभर पसरल्या. दोन दिवसांनी साहेबांनी विचारलंच, "माझ्या स्टँडवर हल्ली कोणी चपला ठेवत नाही ते?"

"आदर आहे, साहेब," शीलाताई म्हणाल्या. साहेबांना भरून आलं.

अशात साहेबांनी सांगून टाकलं, की येत्या सोमवारी पुष्करचा डॅशबोर्ड बघणार आणि त्याचं काय ते ठरवणार. पुष्करने 'साहेब' हा चौकोन वगळून एक वेगळं पान त्यांच्यासाठी तयार केलं. वैदेहीला फोनवर म्हणालासुद्धा, "बाबांना हॉल बघायला सांग."

सोमवारी जेवणाचे डबे उघडायची वेळ झाली तरी स्क्रीनवर 'साहेब आलेले नाहीत'. पूर्वी साहेब येताना दिसावेत म्हणून भगवानमामा खुर्ची पॅसेजकडे वळवून बसायचे. आता स्क्रीन असताना कशाला, म्हणून त्यांनी ती पंख्याखाली ओढली होती. जयदेवने कॅम्पातून दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, आणलं होतं, ते कॉन्फरन्सच्या टेबलावर मांडलं गेलं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर पुष्कर डेमोची तालीम करायला उभा राहिला.

"तो चौकोन दाखव ना," शीलाताई म्हणाल्या. "त्याशिवाय मजा नाही."

पुष्करने उत्साहाने खरा डॅशबोर्ड लावला आणि पाठ दाराकडे करून सुरू झाला. "तर मंडळी, काळे बूट म्हणजे चिडका बिब्बा. जवळ गेलात तर अंगावर उतलाच. कोल्हापुरी म्हणजे गरीब गाय, हवं ते दूध काढा."

"आणि अनवाणी असले तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"अनवाणी अशी केसच येत नाही," पुष्कर वळून न बघताच म्हणाला. "आपले साहेब काय अनवाणी येणार आहेत?"

जयदेवच्या हातातलं पकवान तोंडापर्यंत जाऊन थांबलं होतं. पुष्कर वळला. दारात चिंतामणीसाहेब उभे होते, कपाळाला गंध आणि पाय उघडे.

"देवळाबाहेरून कोल्हापुरी चोरीला गेल्या," साहेब शांतपणे म्हणाले. "सकाळपासून केबिनमध्ये बसलोय. एक माणूस फिरकला नाही. म्हटलं, सुट्टी आहे की काय."

साहेबांनी टीव्हीवरचा चौकोन वरपासून खालपर्यंत नीट वाचला. मग ते शीलाताईंकडे बघून म्हणाले, "हाच काय तो आदर?" शीलाताई दाल ढवळत राहिल्या.

"साहेब, मी आत्ताच काढतो तो चौकोन," पुष्कर कसाबसा बोलला.

"राहू दे. चांगला आहे." साहेबांनी एक पकवान उचललं. "सगळ्यांना विचारत फिरलास म्हणे. मला मात्र विचारलं नाहीस. मीही इथेच बसतो रे." आणि ते आवाज न करता निघून गेले. पुष्करला त्यांचं खरोखर वाईट वाटलं, आणि स्वतःचं त्याहून जास्त.

चार-पाच दिवस चौकोन पिवळाच होता. मग एका सकाळी तो हिरवागार झाला. स्टँडवर कोऱ्या करकरीत कोल्हापुरी.

"जा, आजच जा," शीलाताईंनी त्याला उठवलंच. "माफी माग आणि पर्मनंटच्या लेटरचं पण विचार."

"मंग काय, हिरवा हाय तं," भगवानमामांनीही जोर लावला.

पुष्करने खालून पेढे आणले, जिन्यावर बूट काढले आणि केबिनमध्ये गेला. साहेब फायलीत डोकं घालून बसले होते. पेढ्यांचा बॉक्स ठेवायला तो वाकला आणि टेबलाखाली त्याची नजर गेली. साहेबांच्या पायात काळे मोजे होते. कोल्हापुरीवर जगात कोणी मोजे घालत नाही. शेजारी एका पिशवीतून काळ्या बुटांची लेस बाहेर डोकावत होती.

"बस," साहेब म्हणाले. "बँकेतून आलोय. प्रोबेशन आणखी सहा महिने. तेवढ्या वेळात ज्या माणसाला विचारायचं राहिलं होतं त्याला विचारून घे."

"हो, साहेब."

"आणि बाहेर काही सांगायचं नाही. पुढच्याला पाठव."

बाहेर जिन्यापर्यंत रांग लागली होती. सगळ्यात पुढे शीलाताई, हातात रजेचा अर्ज. "काय रे, कसे आहेत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"स्क्रीनवर दिसतंय ना," पुष्कर म्हणाला आणि पटकन जिना उतरला.

त्या संध्याकाळी सोनिवलीला वैदेहीच्या घराची बेल त्याने लगेच वाजवली नाही. दाराबाहेर तिच्या बाबांच्या साध्या रबरी स्लीपर होत्या. पण आता त्याचा स्लीपरवर विश्वास राहिला नव्हता. तो गुडघे टेकून, दाराखालच्या फटीला डोळा लावून आत मोजे दिसतात का ते बघत होता, तेवढ्यात बाबांनीच दार उघडलं.